लोड घेऊन चढावर पिकअप दम सोडते, गॅरेजवाला म्हणते डिझेल पंप गेला. पंप खोलायच्या आधी काय काय पाहायचं?

कळमना_पिकअप
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल पिकअप, अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन (पंप दाबलेलं डिझेल एकाच जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये भरते, तिथून ते चारही इंजेक्टरला जाते), बीएस४, दोन लाख किलोमीटरच्या वर चाललेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण प्रश्न कंपनीचा नाहीच. काटोल-कळमेश्वर भागातून भाजीपाला आणि उन्हाळ्यात टरबूज भरून नागपूरच्या कळमना बाजारात टाकतो, लहान भाऊ चालवते गाडी.

आता त्रास असा की रिकामी गाडी एकदम मस्त पळते पण लोड घेऊन चढ लागला, मग तो पारडीचा पूल असो की अमरावती रोडवरचा तळेगावचा घाट, अडीच हजार आरपीएमच्या वर गेली की झटका मारते, चेक इंजिनचा दिवा लागते आणि ताकदच जाते, अॅक्सिलेटर पूर्ण दाबला तरी गाडी रांगत राहते. बाजूला घेऊन बंद करून जरा थांबलं की पुन्हा ठीक, ते पुढच्या चढापर्यंत. दुसरी गोष्ट, सकाळी पहिल्या सेल्फमध्ये उठते पण दुपारी माल उतरवल्यावर गरम इंजिनवर सेल्फ मारत राहा, मारत राहा, तेव्हा कुठं चालू होते. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, कोड आला पी००८७, रेल प्रेशर कमी. त्यानं सरळ सांगितलं हाय प्रेशर पंप गेला, बदला. जो खर्च सांगितला त्यात आमचा सीझन निघून जाईल. पंप खरंच गेला हे पक्कं कसं करायचं, कोणी नीट समजावून सांगाल का?

रामटेक_रोड
भाऊ फिल्टर कधी बदलला? अर्ध्या गाड्या फिल्टरवरच ठीक होतात. आणि फिल्टरच्या खालचा नॉब सैल करून पाणी काढलं का?

कळमना_पिकअप
फिल्टर आताच नवीन टाकला, डब्यातलं पाणीही काढलं, थोडंसंच निघालं. फरक शून्य.

भरधाव_३१
कशाला डोकं लावता, कबाड्यातून सेकंडहँड पंप घ्या अन् बसवा. माझ्या मित्रानं तेच केलं, चालून राहिली गाडी.

पंपवाले_काका
सेकंडहँड पंप आणायची घाई करू नका हो. तो पंप कोणत्या गाडीतून निघाला, त्या गाडीत पाणी गेलं होतं का, आत धातूचा चुरा आहे का, काही माहीत नसते. चुरा असलेला पंप बसवला तर तोच चुरा तुमच्या चारही इंजेक्टरमध्ये जाईल, मग खर्च पंपावर थांबत नाही.

आता मूळ प्रश्न. मी डिझेल पंपाचंच काम करतो, आयुष्य त्यातच गेलं, आमच्याकडं "पंप गेला" म्हणून आलेले कितीतरी पंप टेस्ट बेंचवर लावले की बरोबर निघतात. कारण पी००८७ कोडचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटरनं जेवढा दाब मागितला तेवढा रेलमध्ये आला नाही. कोण कमी पडलं हे तो कोड सांगत नाही. चार जागा आहेत. एक, डिझेल पंपापर्यंत पुरेसं पोचतच नाही. दोन, पोचते पण पंप दाब तयार करत नाही, यात मीटरिंग युनिटपण आलं (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह). तीन, पंप दाब देते पण इंजेक्टरमधून किंवा रेलवरच्या प्रेशर व्हॉल्व्हमधून तो रिटर्नला, म्हणजे टाकीकडं परत जाणाऱ्या नळीत निसटते. चार, दाब बरोबर आहे पण सेन्सर किंवा त्याची वायरिंग चुकीचं सांगते. गॅरेजवाल्यानं चारमधली दुसरी जागा पकडली, बाकी तीन तपासल्या का ते विचारा.

तुमच्या इंजिनात टाकीतून डिझेल ओढायचं काम पंपाच्या मागं बसलेला छोटा गिअर पंप करते (टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांचं वेगळं, तिथं आधी त्या पंपाचा फ्यूज, रिले आणि आवाज पाहायचा). म्हणजे टाकीतली जाळी, सक्शन पाईप, हँड प्रायमर (हातानं दाबून डिझेल भरायचा छोटा पंप), फिल्टर, हा सगळा रस्ता खेचीवर चालते. या रस्त्यात अडथळा असला की आयडलला काही कळत नाही, कारण आयडलला रेलमध्ये २५० ते ३५० बार (बार म्हणजे दाबाचं माप) पुरतात आणि डिझेलही थोडंच लागते. लोड घेऊन चढावर तेच १३०० ते १६०० बार मागते, डिझेलची गरज कितीतरी वाढते, तिथं उघडं पडते. ताकद फक्त चढावर जाते आणि थांबलं की परत येते, यावरून माझा पहिला संशय टाकीच्या बाजूवर आहे, पंपावर नाही.

पण गरम इंजिनवर सेल्फ जास्त खाणं हे थोडं वेगळं लक्षण आहे. गरम डिझेल पातळ होते, झिजलेल्या भागातून जास्त निसटते, आणि सेल्फच्या हळू फेऱ्यांवर इंजिन उठायला लागणारा साधारण २०० बारचा दाब तयार व्हायला वेळ लागते. नागपूरच्या मे महिन्यात तर इंजिनखालचं डिझेल आधीच तापलेलं असते. तेव्हा दोन तक्रारी एकाच आजाराच्या आहेत असं धरून चालू नका, दोन वेगळे आजार असू शकतात.

आजच्या आज, एक रुपया न घालवता तीन गोष्टी पाहा. डिपस्टिक काढून इंजिन ऑइलची लेव्हल वाढली का आणि डिझेलचा वास येते का, पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की डिझेल ऑइलमध्ये उतरते. दुसरं, गाडी दम सोडेल तेव्हा लगेच टाकीचं झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला तर झाकणाचा श्वास बंद आहे. तिसरं, दम सोडल्यावर चावी बंद करून लगेच पुन्हा चालू करा, थांबू नका. लगेच ताकद आली तर फक्त लिंप मोड (बिघाड दिसला की कॉम्प्युटर मुद्दाम ताकद कमी करते तो) रिसेट झाला. थांबल्याशिवाय ताकद येतच नसेल तर आत काहीतरी बसायला किंवा थंड व्हायला वेळ मागते, हा फरक फार कामाचा आहे.

काटोलवाली_ताई
आमच्या तीन पिकअप आहेत, संत्र्याच्या सीझनमधी वरूड-काटोल-कळमना चालू राहते. काका म्हणतात ते शंभर टक्के. यात माझं एक सांगणं, फिल्टरपासून पंपाकडं जाणारा रबरी पाईप काढून तिथं पारदर्शक पाईप लावा, डिझेल सहन करणारा, बाजारात मिळतो. मग चालू गाडीत पाहा. बुडबुडे दिसले की हवा घेऊन राहिली, मग प्रत्येक क्लिप, प्रायमरचा रबर, बँजो बोल्टचे (पाईप जोडायचा पोकळ बोल्ट) वॉशर पाहा. सक्शनची बाजू बाहेरून कोरडी दिसते, डिझेल टपकत नाही, पण आत हवा ओढते, त्याच्यामुळं पाहून समजत नाही, पारदर्शक पाईपच लागते. नवीन फिल्टर टाकताना जुनी ओ-रिंग तशीच राहिली असंपण होते.

अन् एक इचारते, डिझेल पंपावरून भरता का शेतातल्या ड्रमातून पण टाकता?

कळमना_पिकअप
ताई, सीझनमध्ये कधी कधी शेतातल्या ड्रममधून टाकावं लागते, ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेलं असते. रात्री माल भरला की पंप लांब पडते.

काटोलवाली_ताई
मंग टाकी पाहाच. ड्रमच्या तळाला पाणी राहते, पाणी आणि डिझेल जिथं मिळते तिथं काळी बुळबुळीत घाण तयार होते, ते जाळीले चिकटते.

कोथरूड_टू_कोराडी
मी आता पुण्यात असतो पण मूळ कोराडीचा. स्कॅनरबद्दल थोडं लिहितो कारण बहुतेक ठिकाणी स्कॅनर लावून फक्त कोड वाचतात आणि लाइव्ह डेटा कोणी बघतच नाही, खरी माहिती तिथे असते. दोन आकडे शेजारी शेजारी लावायचे, मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, आणि गाडी लोडसकट चढावर न्यायची, शेजारी दुसऱ्या माणसाने बसून बघायचं, चालवणाऱ्याने नाही. दोन्ही आकडे बरोबर चालत असतील आणि एका क्षणी प्रत्यक्ष आकडा हळूहळू मागे पडत जाऊन मग कोड लागत असेल तर डिझेल कमी पडतंय. आकडा एकदम कोसळून लगेच वर येत असेल, उड्या मारत असेल, तर सेन्सर किंवा वायरिंग किंवा मीटरिंग युनिटचा कनेक्टर बघा. इंजिन बंद, चावी ऑन, गाडी रात्रभर उभी असताना रेल सेन्सरचा व्होल्टेज साधारण अर्धा व्होल्ट असायला हवा, तो बराच जास्त दिसला तर सेन्सर शून्यालाच चुकतोय.

सेल्फ मारतानाचं प्रेशरही बघा, थंड इंजिनवर आणि गरम इंजिनवर वेगवेगळं. ती तुलना कोणत्याही एका आकड्यापेक्षा जास्त सांगते.

वाडी_नाका
एवढं सगळं कशाला, आम्ही तर चालू गाडीत एक एक इंजेक्टरचा नट सैल करून पाहतो, ज्याच्यावर आवाज बदलला नाही तो खराब. दहा मिनिटांचं काम.

पंपवाले_काका
थांबा. हे कॉमन रेलवर कधीही करू नका आणि कोणाला सांगूही नका. जुन्या रोटरी पंपाच्या गाड्यांवर, जिथं नोझल साधारण १५० ते २५० बारवर उघडते, तिथं लोकं हे करत आले, तेसुद्धा धोक्याचंच होतं. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनवर त्या पाईपात शेकड्यांनी, कधी हजाराच्या वर बार असते. नट सैल केला की निघालेली धार दिसतही नाही आणि हातमोज्यातून, कातडीतून सरळ आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखत नाही म्हणून माणूस कामाला लागते, आणि आत डिझेल पसरून बोट, हात कापायची पाळी येते. असं कोणाला झालंच तर मलम लावून घरी बसू नका, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की दाबाखालचं डिझेल शरीरात गेलं.

हाय प्रेशर पाईपला हात लावायच्या आधी इंजिन बंद, पाच-दहा मिनिटं थांबा, डोळ्यावर चष्मा. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. कोणता इंजेक्टर काम करत नाही हे पाहायचं असेल तर स्कॅनरमधून एक एक बंद करता येते. इतक्या पोरांचे हात पाहिले म्हणून लिहून राहिलो.

वाडी_नाका
काका समजलं. आमच्या पोरांनाही हे वाचायला लावतो.

कळमना_पिकअप
अपडेट देतो. ऑइलची लेव्हल बरोबर, डिझेलचा वास नाही. झाकण उघडलं तर सुस्कारा नाही. चावी लगेच बंद-चालू केल्यावर दिवा विझते पण ताकद येत नाही, थांबल्यावरच येते. पारदर्शक पाईप लावला, आयडलला साफ, रेस दिली तर अगदी बारीक बुडबुडे कधी कधी दिसतात, सतत नाही. दुसरा स्कॅनरवाला शोधला, लाइव्ह डेटा पाहिला, लोडवर कॉम्प्युटर १३०० च्या आसपास मागते आणि प्रत्यक्ष आकडा आधी सोबत राहते मग सरकत सरकत ९०० च्या खाली येते आणि दिवा. गरममध्ये सेल्फ मारताना आकडा १२०-१३० वर अडकते, मग हळूच चढते. सकाळी लगेच २५० च्या वर जाते.

कोथरूड_टू_कोराडी
सरकत सरकत खाली येणं म्हणजे सेन्सर जवळपास निर्दोष. डिझेलच कमी पडतंय. तो बारीक बुडबुडा हवेचा असेलच असं नाही, खेच फार वाढली की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच बाहेर पडते, म्हणजे पुढे कुठेतरी अडथळा आहे याचीही ती खूण असू शकते.

बुटीबोरी_नाईटशिफ्ट
कॅनवर चालवून पाहा. टाकीला बायपास करून पाच-दहा लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्यायचं, त्यातून सक्शन पाईप सरळ फिल्टरला. रिटर्नपण त्याच कॅनमध्ये सोडा नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होते. कॅनमधल्या डिझेलवर गाडीनं दम सोडला नाही तर पंप निर्दोष.

पंपवाले_काका
बरोबर टेस्ट आहे पण एक गोष्ट पकडा. कॅन पंपापेक्षा उंच ठेवला, म्हणजे डाल्यात ठेवला, तर डिझेल स्वतःहून खाली उतरते, गिअर पंपाला खेचायचं कामच राहत नाही. मग कमजोर फीड पंपसुद्धा पास होते आणि आपण चुकीचा निकाल घेतो. म्हणून कॅनमधल्या डिझेलची पातळी टाकीच्या पातळीएवढी खाली पाहिजे. जागेवर उभ्या गाडीत करा, कॅन जमिनीवर, मोकळ्या जागेत, जवळ बिडी-सिगारेट नाही. कॅन केबिनमध्ये किंवा इंजिनजवळ ठेवून रस्त्यावर नेऊ नका.

त्याहून पक्कं म्हणजे व्हॅक्यूम गेज. टी जोडून गेज आधी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये लावा, अडीच हजार आरपीएमवर थोडा वेळ धरून ठेवा. नुसता झटका देऊन पाहू नका, धरून ठेवा, घाण गोळा व्हायला वेळ लागते. कंपनीप्रमाणे आकडा बदलते, पण साधारण ५-६ इंचापर्यंत (पाऱ्याचे इंच, गेजवर खेच त्यातच मोजतात) काळजी नाही, १० इंचाच्या वर गेलं म्हणजे रस्ता कोंडला. मग तेच गेज टाकी आणि फिल्टरच्या मध्ये लावा. फिल्टरनंतर जास्त आणि फिल्टरआधी कमी असेल तर फिल्टर दोषी, मग तो कालच टाकला असेल तरी. दोन्हीकडं सारखंच जास्त असेल तर दोष टाकीत किंवा टाकीपासूनच्या पाईपात. आणि गेज काहीच दाखवत नाही, बुडबुडे मात्र भरपूर, तर हवा. गेज शून्याजवळ, बुडबुडेही नाहीत, रिटर्नमध्येही निसटत नाही आणि तरी रेलमध्ये दाब नाही, तेव्हा पंप आणि मीटरिंग युनिटकडं बोट दाखवायचं. त्याच्या आधी नाही.

रामटेक_रोड
हे सगळं प्रिंट काढून गॅरेजमध्ये लावावं असं आहे. मी फिल्टर-फिल्टर करत होतो, फिल्टरच्या दोन्ही बाजूला गेज लावायचं कधी सुचलंच नसतं.

कळमना_पिकअप
गेज लावलं. फिल्टरनंतर धरून ठेवल्यावर काटा चढत चढत १२ च्या वर. फिल्टरआधी जवळपास तेवढाच. रेस सोडून इंजिन बंद केलं की काटा खाली, पुन्हा चालू केल्यावर सुरुवातीला कमी आणि मग पुन्हा चढते. कॅन जमिनीवर ठेवून चालवलं तर काटा ४ च्या पुढं जातच नाही.

मग टाकी उतरवली. जाळी पाहून विश्वास बसत नव्हता, काळ्या बुळबुळीत थरानं पूर्ण लिंपली होती, वरून कापडाच्या धाग्यासारखे तुकडे. तळाला पाणी आणि गंज. फोटो घरच्यांना दाखवला.

काटोलवाली_ताई
मले वाटलंच होतं. चिंधी लावून ड्रमातून ओतते न लोकं, तिचेच धागे असतील ते. ग्लासातल्या स्ट्रॉच्या तोंडावर पान चिकटलं तर जसं ओढणं बंद झालं की पान सुटते अन् ओढलं की पुन्हा चिकटते, तसं झालं हे. म्हणूनच थांबल्यावर गाडी ठीक होत होती.

टाकी नुसती हलवून धुवू नका, जाळी ब्रशनं घासून फाडू नका, डिझेलनं धुवा, पूर्ण वाळू द्या. सक्शन पाईपमध्ये उलट्या बाजूनं हवा मारा पण फिल्टर अन् पंप जोडलेला असताना नाही, नाहीतर ती घाण कुठं जाईल सांगता येत नाही. आणि फिल्टर पुन्हा बदला, नवीन असला तरी. त्यानं तेवढे दिवस हेच गाळलं.

पंपवाले_काका
आणि टाकी खाली आहेच तर मीटरिंग युनिट काढून पाहून घ्या. कोंडलेल्या सक्शनवर पंप बरेच दिवस चालला आहे, पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच असते, दुसरं ऑइल नाही तिथं. युनिटच्या तोंडावर, जाळीवर चकचकीत चांदीसारखा चुरा दिसला तर गोष्ट मोठी आहे, मग पंप, रेल, पाईप, इंजेक्टर, टाकी सगळंच साफ करावं लागते, एकटा पंप बदलून चालत नाही, चुरा फिरून नवा पंप खाते. साफ असेल तर देवाचं नाव घ्या आणि बसवा. ओ-रिंग नवीन टाका. जोडल्यावर हँड प्रायमरनं कडक होईपर्यंत हवा काढा, सेल्फवर हवा काढू नका, कोरडा पंप फिरवणं त्याला मारणं आहे.

कळमना_पिकअप
युनिट साफ निघालं, चुरा नाही. सगळं धुऊन जोडलं, भरलेली गाडी घाटात नेली, एकदाही दम सोडला नाही. पण काका, गरममध्ये सेल्फ अजून तसाच खाते. फरक नाही म्हटलं तरी चालेल.

पंपवाले_काका
म्हणजे दुसरा आजार खरंच वेगळा होता. आता रिटर्न पाहा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांमध्ये सोडा, इंजिन गरम करा, आयडलवर ठरावीक वेळ चालवा आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवा. चारही जवळपास सारख्या पाहिजेत. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तोच चोर. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून, म्हणजे ते उघडणारच नाहीत असे, थोडा वेळ फक्त सेल्फ मारा, दहा सेकंदांच्या वर नको. तेव्हा चांगल्या इंजेक्टरच्या नळीतून जवळपास काही येत नाही, ज्याचा आतला व्हॉल्व्ह झिजला त्यातून डिझेल येते. सगळ्या बाटल्या सारख्या असतील तर रेलवरच्या प्रेशर व्हॉल्व्हची रिटर्न नळी काढून तिथं पाहा, सेल्फवर तिथून धार यायला नको.

तिरोडा_भंडारा
मधेच विचारतो, माझी जुनी गाडी आहे, रोटरी पंपवाली, स्कॅनर वगैरे काही नाही. तीपण इंजिन थंड असताना मस्त आणि दुपारी गरममध्ये उठतच नाही. याच्यात कसं पाहायचं?

पंपवाले_काका
रोटरीमध्ये हेड-रोटर (पंपाच्या आत दाब तयार करणारा फिरता भाग) झिजला की हेच लक्षण. एक जुनी परीक्षा आहे, गरम इंजिन उठत नसेल तेव्हा इंजिन बंद ठेवून फक्त पंपावर थंड पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवा, पंप गार होऊ द्या, मग सेल्फ मारा. लगेच उठली तर हेड झिजलं, कारण गार झाल्यावर आतलं डिझेल थोडं घट्ट होते आणि निसटणं कमी होते. पण आधी स्टॉप सोलेनॉइडला (पंपाचं डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) चावी ऑनवर करंट येते का आणि टक आवाज होते का ते पाहा, तेही गरममध्ये सोडते आणि ते फार स्वस्त काम आहे. उठत नाही म्हणून एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका, ग्लो प्लग (थंड इंजिन उठवायला आत तापणारा प्लग) गरम असला तर आत भडका होते.

तिरोडा_भंडारा
धन्यवाद काका, उद्या सोलेनॉइडपासून सुरू करतो.

भरधाव_३१
डिझेलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) टाकलं तर पंपाचं आयुष्य वाढते म्हणतात, आजकालचं डिझेल कोरडं आहे म्हणून. खरं का?

कोथरूड_टू_कोराडी
यात अर्धी गोष्ट खरी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस६ डिझेल आलं, त्यात सल्फर १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १० भाग) खाली आणलं, आधी बीएस४ मध्ये ५० होतं. सल्फर काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही कमी होतो हे खरं. पण म्हणूनच रिफायनरी त्यात वंगणाचं अॅडिटिव्ह घालते आणि चाचणीत झिजेचा डाग ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये अशी मर्यादा मानकात आहे. म्हणजे चांगल्या पंपावरच्या डिझेलमध्ये वरून काही ओतायची गरज नाही, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस६ गाडीत तर ऑइलची राख फिल्टरमध्ये साचते. पंप मारतं ते पाणी, घाण आणि रॉकेलची भेसळ.

कळमना_पिकअप
बाटल्यांची टेस्ट झाली. तीन नंबरची बाटली बाकीच्यांच्या अडीचपट भरली, आणि कनेक्टर काढून सेल्फ मारल्यावर फक्त त्याच नळीतून डिझेल आलं. तो इंजेक्टर लॅबमध्ये दिला, आतला व्हॉल्व्ह झिजलेला निघाला, रिपेअर करून बसवला. तांब्याचा वॉशर नवीन टाकला, इंजेक्टरवरचा नवा कोड स्कॅनरनं कॉम्प्युटरमध्ये भरून घेतला, लॅबवाल्यानं मुद्दाम सांगितलं होतं की कोड न भरता चालवली तर आयडल खडखड करेल. आता भर दुपारी कळमन्यात माल उतरवून चावी फिरवली की उठते, सेल्फवर आकडा लगेच २०० पार. सगळा खर्च मिळून पंपाच्या खर्चाच्या जवळपासही गेला नाही, आणि पंप तर खोललाच नाही. काका, ताई, कोराडीवाले भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार, सीझन वाचला आमचा.

आता एकच विचारायचं राहिलं. पावसाळा तोंडावर आहे आणि ड्रमचं डिझेल पूर्ण बंद करणं जमणार नाही. काय काळजी घेऊ?

काटोलवाली_ताई
ड्रम सावलीत आडवा ठेवा, उभा ठेवला की झाकणावर पाणी साचते अन् आत झिरपते. ओतताना चिंधी नाही, बारीक जाळीचं नरसाळं. ड्रमाच्या तळाचं शेवटचं वीतभर डिझेल गाडीत टाकायचंच नाही, ते वेगळं काढून शांत बसू द्या अन् मग पाहा. रात्री टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या हवेतूनच पाणी सुटते. आम्ही पावसाळ्यात दर आठवड्याले फिल्टरच्या खालून पाणी काढतो, बाटलीत घेऊन पाहतो, तळाशी थेंब दिसले की त्या गाडीची टाकी पुढच्या सुट्टीले खाली.

पंपवाले_काका
ताईंनी सगळं सांगितलं. फक्त डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर बाजारापर्यंत नेतो म्हणू नका, तिथंच थांबून पाणी काढायचं, मग निघायचं. आणि ते व्हॅक्यूम गेज विकू नका, पावसाळा संपला की एकदा लावून काटा किती जाते ते वहीत लिहून ठेवा, कॅनवरचे ४ तुम्हाला माहीत आहेतच.

कळमना_पिकअप
हो काका, ४ चा आकडा भावाला सांगून केबिनमध्ये लिहून ठेवला आहे. नरसाळं उद्याच घेतो.